शाल नको, करेक्शन द्या

नाशकात निवृत्त फौजीचा कवितासंग्रह आला की पुढे काय होणार हे आता ठरून गेलं आहे. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, उभं राहून टाळ्या, आणि व्यासपीठावरून एक वाक्य: 'ह्या ओळी शाईने नाही, रक्ताने लिहिल्या आहेत.' कार्यक्रम संपल्यावर चहापाशी दुसरं वाक्य, हलक्या आवाजात: 'माणूस मोठा आहे हो, पण ह्यात कविता कुठे आहे?' सैनिकांच्या लेखनाबद्दलचा आपला सगळा वाद ह्या दोन वाक्यांच्या मध्ये अडकून पडला आहे. एक पक्ष म्हणतो, ज्याने गोळ्या झेलल्या त्याच्या शब्दांचं माप काढणारे तुम्ही कोण? दुसरा म्हणतो, त्याने आठवणी लिहाव्यात, कथा-कवितेच्या वाटेला जाऊ नये. दोघांचंही लक्ष गणवेशावर आहे. पान कोणीच वाचत नाही. माझं मत असं, की लढून आलेल्या माणसाच्या लिखाणाला टीकेतून सूट देणं म्हणजे त्याला लेखक मानायला नकार देणं. श्रोते त्याला भरपूर मिळतात. त्याला हवा आहे तो कच्च्या मजकुरावर पेन्सिल घेऊन बसणारा माणूस, आणि नेमका तोच आपण त्याला देत नाही.

हे नाशिकमध्ये सांगावं लागावं याचं मला जास्त वाईट वाटतं. नाशिक रोडला तोफखान्याचं केंद्र आहे, देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे. गोळा नेमका पाडायचा कसा हे ज्या गावात शिकवलं जातं, त्या गावाला चूक दुरुस्त करण्याची पद्धत नव्याने सांगायची गरज नसावी. तोफा बहुधा डोंगराआड असतात. त्यांच्यावरच्या जवानांना लक्ष्य दिसत नाही. ते दिसतं पुढे ओपीवर, म्हणजे निरीक्षण चौकीवर, बसलेल्या अधिकाऱ्याला. पहिला गोळा समजा लक्ष्याच्या पलीकडे पडला, तर तो रेडिओवर सांगतो, 'ड्रॉप ४००', म्हणजे चारशे मीटर अलीकडे घ्या. दुसरा अलीकडे पडला. आता लक्ष्य दोन गोळ्यांच्या मध्ये सापडलं. मग 'ॲड २००' म्हणजे दोनशे मीटर पलीकडे, 'ड्रॉप १००' असं अंतर निम्मं निम्मं करत आणायचं, आणि शेवटचं ५० मीटरचं करेक्शन गेलं की सगळ्या तोफा एकदम सुरू होतात. बाजूला चुकत असेल तर लेफ्ट-राइटचे आकडे वेगळे. १९९९ मध्ये कारगिलच्या उंचीवर तर हवा विरळ असल्याने गोळे नेहमीच्या कोष्टकांपेक्षा लांब जात होते, तिथे ह्या दुरुस्त्यांवाचून काहीच चाललं नसतं. पहिला गोळा चुकला म्हणून तोफेवरच्या हवालदाराला कोणी शाल पांघरत नाही, आणि 'तोफ चालवणं तुझं काम नाही' असंही सुनावत नाही. त्याला आकडा दिला जातो. ज्या माणसाने तीस वर्षं आकडे घेऊन काम केलं, त्याच्या कवितेच्या पहिल्या खर्ड्यावर आपण एकही आकडा देत नाही आणि वर त्याला आदर म्हणतो?

पहिल्या पक्षाकडे एक वजनदार मुद्दा आहे आणि तो उडवून लावणं चुकीचं ठरेल. युद्ध पाहिलेल्या माणसाला 'अजून खोल जा, अजून खरं लिही' असं सांगणं निरुपद्रवी नसतं. सैनिकाचं मन बिघडतं ह्या बाबतीत आपल्या शेजारच्या देवळालीचं नाव इंग्रजी भाषेत कायमचं बसलं आहे. मुदत संपलेले ब्रिटिश सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत देवळालीच्या छावणीत महिनोन्महिने पडून राहत. उकाडा, हिवताप आणि रिकामपण यांनी काहींचं डोकं फिरे. त्या अवस्थेला ते 'डुलाली टॅप' म्हणू लागले. 'डुलाली' म्हणजे देवळाली आणि 'टॅप' म्हणजे आपला ताप. लिहिण्याने मनाचं काय होतं तेही तपासलेलं आहे. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या सर्वांत त्रासदायक घटनेबद्दल लिहायला लावलं होतं. लिहिणाऱ्यांना लगेच नंतर अधिक वाईट वाटलं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. पण ते विद्यार्थी होते, आणि ते लेखन कोणाला वाचून दाखवायचं नव्हतं. स्वतःसाठी लिहिणं आणि वाचकासाठी लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्या वहीवर कोणीही टीका करू नये, ती कोणी मागूही नये. टीका दुसऱ्या वहीवर करायची असते, जी माणूस स्वतःहून पुढे करतो. आपल्याकडे गोंधळ होतो तो इथेच. पहिली वही जशीच्या तशी छापखान्यात जाते आणि तिच्याबद्दल बोलणं क्रूर वाटतं म्हणून सगळे गप्प बसतात. लिहिताना झोप उडत असेल, जुने आवाज परत येत असतील तर वही मिटून डॉक्टरकडे जावं. लेखनाची कार्यशाळा हा उपचार नाही आणि तसं भासवणाऱ्यांपासून लांब राहिलेलं बरं.

दुसऱ्या पक्षाचाही मुद्दा खरा आहे: चांगलं युद्धकाव्य लिहायला युद्धावर जावं लागतंच असं नाही. मराठीतली सर्वांत प्रसिद्ध घोडदौड, नेसरीला १६७४ मध्ये प्रतापराव गुजर आणि त्यांच्या सहा साथीदारांनी घेतलेली, कवितेत आणली ती नाशिकच्या कुसुमाग्रजांनी, आणि ते काही फौजेत नव्हते. रशियन कादंबरीकार टॉलस्टॉयने नेपोलियनविरुद्धच्या १८१२ च्या लढाया लिहिल्या त्या त्याच्या जन्माच्या सोळा वर्षं आधीच्या. पण हाच टॉलस्टॉय तोफखान्याचा अधिकारी होता आणि १८५५ मध्ये वेढा पडलेल्या सेवास्तोपोलच्या चौथ्या बुरुजावर उभा राहिला होता, हे विसरून चालत नाही. त्याच्या लढायांत धुरामुळे कोणाला काही दिसत नाही, हुकूम वेळेवर पोचत नाहीत, आणि एखादा साधा कप्तान आपली तोफांची तुकडी कोणाच्या लक्षात नसताना लढवत राहतो. हे त्याला नकाशावरून कळलं असतं का? म्हणजे गणवेश हा प्रतिभेचा पुरावा नाही हे मान्य, पण गणवेशवाल्याकडे एक माल असा आहे जो दुसऱ्या कोणाकडे नाही, हेही तितकंच मान्य करायला हवं.

तो माल कोणता हे मराठी माणसाला पानिपतावरून समजेल. जानेवारी १७६१ च्या त्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली ती सावकारी पत्रातल्या सांकेतिक भाषेत: दोन मोती गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, रुपये-खुर्दा म्हणजे बाकीचे साधे सैनिक. एकही विशेषण नाही, रडणं नाही, हुंडीच्या भाषेत सगळं राष्ट्र कोसळलेलं. युद्धाबद्दल ह्याहून घट्ट मराठी वाक्य मला ठाऊक नाही. पण त्यात खुर्दा मोजलेला नाही. मोत्यांवर बखरी झाल्या, मोहरांवर पोवाडे झाले. चिल्लर कुठे सांडली ते लिहायला कोणी उरलं नाही आणि जे उरले त्यांना लिहिता येत नव्हतं. आज निफाड, सिन्नर, बागलाणमधून फौजेत जाऊन नाईक, हवालदार, सुभेदार होऊन परतलेला माणूस वही उघडतो तेव्हा अडीचशे वर्षांत पहिल्यांदा खुर्दा स्वतःची गणती करायला बसलेला असतो. त्याने तिथेही मोत्यांचीच भाषा वापरली तर हातातली संधी गेली.

'हे साहित्य नव्हे, दस्तऐवज आहे' हा शेरा मराठीने आधी ऐकलेला आहे. दलित लेखनाला हेच म्हटलं गेलं होतं. त्याला उत्तर कसं मिळालं? 'आम्ही भोगलंय, तुम्ही गप्प बसा' एवढ्यावर ते थांबलं असतं तर आज ती पुस्तकं वाचनालयाच्या कपाटात मागे गेली असती. विहितगावच्या बाबुराव बागुलांनी अनुभवाला कथेचा ताण दिला. दया पवारांनी 'बलुतं' लिहिताना शिकून शहरी झालेला दया आणि आत राहिलेला दगडू असे एकाच माणसाचे दोन तुकडे समोरासमोर बसवले. ही रचना आहे, कारागिरी आहे. ती आपोआप वेदनेतून टपकत नाही. फौजी लेखकालाही हाच रस्ता मोकळा आहे आणि कुठल्याही प्रस्तावनेपेक्षा त्याने हा रस्ता पाहावा.

आता सर्वांत अवघड आक्षेप. संपादक आला की खरेपणा जातो, असं अनेक माजी सैनिक मनापासून म्हणतात, आणि त्यांच्या बाजूने इतिहासात पुरावा आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे सत्तावनच्या धामधुमीत झाशीत अडकले. त्यांनी ती हकिकत साधारण पाव शतकानंतर लिहून काढली. चिंतामणराव वैद्यांनी ती १९०७ मध्ये प्रसिद्ध केली, पण स्वतःच्या मताप्रमाणे फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम मजकूर छापला गेला तो १९६६ मध्ये, दत्तो वामन पोतदारांमुळे. म्हणजे संपादकाच्या हाताखाली जवळजवळ साठ वर्षं एक साक्ष झाकलेली राहिली. हे विसरू नये. पण त्याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवा. १९१७ मध्ये एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात विल्फ्रेड ओवेन आणि सिगफ्रिड ससून हे कविता लिहिणारे दोन इंग्रज अधिकारी भेटले. ओवेनच्या आज जगभर शिकवल्या जाणाऱ्या एका कवितेच्या हस्तलिखितावर ससूनच्या हाताने केलेल्या दुरुस्त्या आहेत. शीर्षकातला 'मृत' जाऊन तिथे 'मरणाच्या वाटेवरचे' अशा अर्थाचा शब्द आला तोही त्याच बैठकांत. दोघे खंदकातून आलेले, ससूनला शौर्यपदक आधीच मिळालेलं, ओवेनला ते पुढे मिळालं. फरक कशात आहे? वैद्यांनी लेखकाच्या माघारी बदल केले, ससूनने लेखकासमोर बसून केले आणि काय ठेवायचं ते ओवेनने ठरवलं. करेक्शन द्यायचं ते असं. लेखकाच्या सहीशिवाय एक शब्दही बदलू नये, पण बदल सुचवायला मात्र बिचकू नये.

तर मग करेक्शन द्यायचं कशावर? पहिला खर्डा नोंदीचा असावा, कवितेचा नसावा. एक प्रसंग घ्यायचा आणि त्यात हातांनी काय केलं तेवढंच लिहायचं. 'तोफा धडाडल्या' हे घरी बसलेला माणूसही लिहू शकतो. १५५ मिलिमीटर तोफेचा एक गोळा साधारण ४३ किलोचा असतो, म्हणजे सिमेंटच्या गोणीपेक्षा थोडा हलका. तो चढावर, विरळ हवेत, रात्रीत पन्नासदा उचलल्यावर बोटं कशी वळतात, कानातली शीळ किती दिवस टिकते, मागे मारणाऱ्या तोफेचे स्पेड, म्हणजे तिला रोखून धरणारे फाळ, जमिनीत किती रुततात, हे फक्त तिथल्या माणसाला माहीत असतं. आणि त्याहून मोठी गोष्ट: तोफेवरच्या जवानाला आपला गोळा कुठे पडला ते दिसत नाही. ओपीला दिसतं, पण त्याने तो उचललेला नसतो. एकाकडे वजन आहे, दुसऱ्याकडे दृश्य. कारगिलमध्ये आपल्या तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे आणि रॉकेटं डागली. त्यातला एक गोळा ह्या दोन माणसांमधून जाताना दाखवता आला तर अख्खी कथा तिथे आहे.

नोंद झाली की पडताळणी. वीस वर्षांत आठवणीत सिनेमे मिसळतात, दुसऱ्याचा प्रसंग आपला वाटू लागतो. सर्व्हिसच्या कागदांवरून महिना आणि ठिकाण तपासावं, सोबत्याला फोन करून हवामान विचारावं. घरी पाठवलेली पत्रं ट्रंकेत असतील तर ती सोन्यासारखी आहेत. त्यांवर गावाचं नाव नसतं, ५६ एपीओ हा लष्करी टपालाचा एवढाच पत्ता, आणि आत 'मी खुशाल आहे, काळजी नसावी, बाबांच्या गुडघ्याचं कळवा'. त्या पत्राच्या तारखेसमोर त्या दिवशी प्रत्यक्ष काय घडलं ते लिहावं. दोन्ही मजकूर शेजारी ठेवले की मध्ये जे पडून आहे त्याची कविता होते, आणि तिला 'रणधुमाळी' किंवा 'शत्रूला पाणी पाजले' असले शब्द लागत नाहीत. हे शब्द वाईट नाहीत. पण ते युद्धाच्या आधीच तयार होते, लेखक तिथे जाऊन आला नसता तरी त्याला सुचले असते.

वृत्ताबद्दल एक सूचना. बहुतेकांचा हात पोवाड्याकडे जातो, कारण शाळेत तोच ऐकलेला असतो. पण पोवाडा सभेसाठी आहे, त्याला मोठा आवाज लागतो. एकट्या संतरीच्या पहाऱ्याला अभंग जास्त मानवतो. त्याच्या चरणांत अक्षरं सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. ती शेवटची चार अक्षरं दार लावल्यासारखी येतात. रात्रंदिवसाच्या युद्धप्रसंगावरचा तुकोबांचा अभंग आठवा: बाहेरचं जग सांगून झाल्यावर शेवटच्या चार अक्षरांत फक्त 'आणि मन' येतं. मुक्तछंदात लिहिणाऱ्याने कविता मोठ्याने वाचावी आणि पहिली दोन कडवी झाकून पुन्हा वाचावी. काही बिघडलं नाही तर ती काढून टाकावीत. शेवटचं सॅल्यूट ठोकणारं कडवं तर जवळजवळ नेहमीच काढावं लागतं. ते लेखकाने वाचकाच्या भीतीने लिहिलेलं असतं.

कथेत बिघडतं ते वेगळ्या ठिकाणी. नाव बदललेला 'मी' म्हणजे पात्र नव्हे. कसोटी सोपी आहे: आपण जे केलं नाही ते नायकाला करायला लावता येतं का? तो घाबरून दडून बसू शकतो का? सोबत्याशी खोटं बोलू शकतो का? हे जमत नसेल तर ती आठवण आहे आणि आठवण म्हणूनच लिहावी, त्यात कमीपणा काही नाही. जमत नसेल पण कथाच हवी असेल तर सांगणारा बदलून पाहावा. तोच हल्ला लंगरच्या रसोइयाच्या, ड्रायव्हरच्या, डाक वाटणाऱ्याच्या तोंडून सांगितला की लेखकाचा अहंकार आपोआप बाजूला होतो. पहिल्याच झटक्यात कादंबरीला हात घालू नये. भरती, ट्रेनिंग, पोस्टिंग, लढाई, पेन्शन असा सर्व्हिस बुकाचा क्रम लागतो आणि शंभर पानं गेली तरी कोणाचं कोणाशी काही घडत नाही. दोन हजार शब्द, एक रात्र, दोन माणसं, आणि सकाळपर्यंत त्यांच्यात बदललेलं काहीतरी, एवढं पहिल्या कथेला पुष्कळ झालं. शिवाय युद्धाची कथा सीमेवरच घडते असं कोणी सांगितलं? दिंडोरीच्या द्राक्षबागेत पाखरं उडवायला फटाके वाजतात, देवळालीच्या रेंजवर सराव सुरू झाला की आवाज गावांपर्यंत येतो. पेन्शनवर आलेला गनर त्या आवाजाला मनात आकडे लावत बसतो आणि शेजारी बायको मणी विरळत असते. ह्या बांधावरची कथा लिहायला त्याच्याइतका लायक माणूस नाही.

भाषेचं काय करायचं, हा प्रश्न फार जणांना अडवतो. बराकीत बोलणं हिंदीत, घरी मराठी, कळवण-सटाण्याकडच्याची तर अहिराणी. सगळं पुस्तकी मराठीत आणलं की सुभेदार साहेब हेडमास्तरासारखे बोलू लागतात. 'फॉलइन', 'बडा खाना', 'पिठ्ठू' हे शब्द तसेच ठेवावेत, तळटीप देऊ नये, कृतीतून अर्थ कळू द्यावा. मात्र एका पानावर दोन-तीनपेक्षा जास्त नवे शब्द आले की वाचक अडखळतो. नोकरीत असताना लष्कराशी संबंधित विषयावर पूर्वपरवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही, तो १९५४ च्या लष्करी नियमांतला २१ वा नियम. निवृत्तीनंतरही १९२३ चा शासकीय गुपिते कायदा लागू राहतो. म्हणून युनिटचा क्रमांक, चौकीचं नाव, उपकरणांचा तपशील बदलावा. कथेला त्याने काही तोटा होत नाही. कायद्याच्याही पुढची एक गोष्ट आहे. गेलेल्या सोबत्याचे शेवटचे क्षण त्याच्या घरच्यांना पुस्तकातून पहिल्यांदा कळता कामा नयेत. आधी त्यांच्या घरी जावं. ते नको म्हणाले तर ते पान फाडावं, कितीही चांगलं उतरलेलं असलं तरी.

ह्या सगळ्याला वेळ लागतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराचा बॉम्बहल्ल्यातला विध्वंस कैदी म्हणून पाहिलेल्या कर्ट व्हॉनेगट या अमेरिकन लेखकाला त्यावरची कादंबरी काढायला १९४५ ते १९६९ एवढी वर्षं लागली. आपल्याकडे निवृत्तीच्या वर्षातच स्वखर्चाने पुस्तक काढायची घाई होते आणि प्रती पलंगाखाली जातात. नाशिकमध्ये १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, कुसुमाग्रज प्रतिष्ठान आहे, प्रत्येक जिल्ह्यासारखं सैनिक कल्याण कार्यालय आहे. खोली, खुर्च्या आणि माणसं सगळं आहे. बारा माजी सैनिक, सहा महिने, पंधरा दिवसांतून एकदा दोन तास, एवढ्याने सुरुवात होईल. प्रत्येक मजकुराला तीन वाचक द्यावेत: एक फौजी, जो तपशिलाची चूक पकडेल, एक फौजेशी संबंध नसलेला, जो कुठे कळलं नाही ते सांगेल, आणि एक लिहिणारा, जो कुठे कंटाळा आला ते सांगेल. तिघांनी एकमेकांचं काम करू नये.

आणि एक अडचण आधीच ओळखून ठेवावी. अशा खोलीत रँक येऊन बसते. कर्नल साहेबांनी 'वा' म्हटल्यावर हवालदार कसा म्हणणार की मधलं कडवं फसलं आहे? ह्यावरचा उपायही फौजेकडेच आहे. कोर्ट मार्शलमध्ये सदस्यांची मतं घेतात ती सर्वांत कनिष्ठापासून, वरिष्ठाचं मत ऐकून खालच्याने आपलं बदलू नये म्हणून. इथेही तसंच करावं. शिपाई आधी बोलेल, मग नाईक, मग हवालदार, आणि साहेब सगळ्यांच्या शेवटी. येत्या २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, सत्काराऐवजी एखाद्या जवानाने आपल्या एका कवितेचा पहिला आणि पाचवा खर्डा लागोपाठ वाचून दाखवावा, कोणाच्या सांगण्यावरून कोणती ओळ गेली तेही सांगावं, आणि मग समोरच्यांनी हात वर करून सहाव्या खर्ड्यासाठी करेक्शन द्यावं.